रिकाम्या बोटीची रेघ

“आधी वजन सांग, मग चाकं कुठं बसवायची ते मी सांगतो,” वेल्डर ट्रेलरच्या सांगाड्याखालून ओरडला. शेडच्या फरशीवर तो उताणा पडला होता आणि बाहेरून त्याची फक्त दोन पावलं दिसत होती, एकात चप्पल, दुसरं अनवाणी. “चाकं फार पुढं गेली की उलाळ होणार. दांडा वर, बोट खाली. मग बसू दोघं बोंबलत.”

“अकराशे किलो, इंजिनासकट,” कप्तान म्हणाला. “शंभरदा सांगितलंय.”

“सांगितलंस शंभरदा. मोजलंस कधी?”

“तूच मोजलं होतंस लेका. पत्रा याच शेडमध्ये वळवला आपण.”

“तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.”

कप्तान हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू येत होतं, म्हणून वेल्डरनेही विषय तिथेच सोडला.

कप्तान हे नाव त्याला उतारूंनी दिलेलं. समुद्र त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. धरणाच्या जलाशयावर, या काठाहून त्या काठाला आणि त्या काठाहून या काठाला, एवढाच त्याचा प्रवास. बावीस वर्षांत बेरीज केली असती तर जगाला वळसा झाला असता, पण पोचला तो नेहमी समोरच्याच धक्क्याला. त्याची बोट म्हणजे तिला बोट म्हणावं की नाही असा प्रकार होता. सहा मीटर लांबीची दोन पत्र्याची नळकांडी, त्यांवर फळ्यांचा सपाट तळ, चारी बाजूंनी कठडा, वर ताडपत्री आणि मागे एक खोकणारं इंजिन. चेष्टेखोर लोक तिला ‘तरंगता ओटा’ म्हणत. पण पलीकडच्या वस्तीला शाळा, दवाखाना, बाजार सगळं या ओट्यावरूनच गाठावं लागे, कारण रस्त्याने वळसा घालायचा तर तीन तास मोडत.

मग पूल झाला. पूल झाला ते बरंच झालं, असं कप्तान सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी पुलावरून जाणाऱ्यांनी त्याला हात केला. दुसऱ्या दिवशीही केला. आठवड्यानंतर कुणी खाली बघेनासं झालं. तरी तो वेळेवर धक्क्यावर जाई, इंजिन सुरू करून बघे, बंद करी, आणि जेवायच्या वेळेला घरी येई. दोन महिने असे गेले. मग पाटबंधारे खात्याचं पत्र आलं: महिनाअखेरपर्यंत बोट जलाशयाबाहेर काढावी, अन्यथा तोडून विल्हेवाट लावण्यात येईल.

त्याच सुमाराला साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या तलावाकडून बोलावणं आलं. तिथे पूल नव्हता आणि पुढची वीस वर्षं होणारही नव्हता. तिथल्या संस्थेचे सेक्रेटरी स्वतः येऊन बोलून गेले. खोली देऊ, धक्का बांधून देऊ, तुम्ही फक्त बोट घेऊन या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खा ओंडकाच हाती लागला होता. प्रश्न एकच उरला, बोट न्यायची कशी. क्रेनवाला उतार बघूनच परत फिरला. तेव्हा वेल्डर म्हणाला, “ट्रेलर करू. तिकडंही उपयोगी पडेल. दर वर्षी बाहेर काढून रंगवता येईल तुला.”

तेव्हापासून कप्तानाच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. शेडच्या फरशीवर त्याने खडूने अख्खी बोट काढली, मापाबरहुकूम. मोडीत निघालेल्या लहान ट्रकचा एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे मिळवले. दोन लांब लोखंडी चॅनेल, आडव्या पाच पट्ट्या, पुढे तिकोन, तिकोनाच्या टोकाला हूक. नळकांडी टेकायला चार लांब लाकडी फळ्या, आणि पत्रा घासू नये म्हणून त्यांवर घरातल्या सतरंजीचे तुकडे.

“चांगली सतरंजी होती ती,” बायको म्हणाली होती.

“बोटीखालीच घालतोय ना? परक्याच्या घरी नाही दिली.”

“मला कधी एवढ्या मऊ जागी बसवलं नाहीत.”

असं म्हणून तिनेच कात्री आणून दिली. तिला नव्या गावाची ओढ नव्हती. पण नवऱ्याला रिकाम्या धक्क्यावरून परत येताना बघण्यापेक्षा कुठलंही गाव बरं, असं तिचं मत झालं होतं.

वजनाबद्दल कप्तानाला खात्री होती, त्याला कारण होतं. रिकामी बोट उभी असताना पाणी जिथे टेकतं तिथे दोन्ही नळकांड्यांवर अंगठ्याएवढ्या रुंदीची पांढरी रेघ होती. माणसं चढली की ती पाण्याखाली जाई. पाणी रेघेच्या वर चार अंगुळं आलं की कप्तान हात आडवा धरी, आणि मग साक्षात जावई का असेना, त्याला पुढच्या फेरीपर्यंत किनाऱ्यावर थांबावं लागे. लोक चिडत, हातापाया पडत, शिव्या घालत. कप्तान रेघेकडे हात करी. बावीस वर्षांत एक माणूस पाण्यात पडला नाही, हे तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. पण कुणी दुसऱ्याने सांगितलं की मुद्दाम दुसरीकडे बघे.

दर वर्षी थंडी सरता सरता तो बोट रंगवी. पाण्याच्या वरचा भाग निळा, आणि सगळ्यात शेवटी रेघ. त्या दिवशी तो बोटीतलं सगळं सामान उतरवी, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून नळकांड्याशेजारी जाई आणि वारा पडायची वाट बघत राही. कधी तास, कधी दोन तास. पाणी पूर्ण हलायचं थांबलं की श्वास रोखून, पाणी टेकतं तिथेच, रेघ मारी. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

ट्रेलर अर्धा झाल्यावर वेल्डर एकदा मापं घ्यायला धक्क्यावर आला. टेपचं एक टोक कप्तानाच्या बायकोने धरलं होतं. वेल्डर बोटीकडे बघत उभा राहिला.

“ही आधीपासून एवढी खाली बसायची?”

“रेघ बघ,” कप्तान म्हणाला.

“रेघ बघितली. मी बोट बघतोय.”

“मध्यंतरी माझे पाय ओले झाले हो, लाट आली तेव्हा,” बायको म्हणाली. “आधी होत नव्हते.”

“वारा होता त्या दिवशी.”

“नळकांड्यांची वरची झाकणं उघडून बघू का?” वेल्डरने विचारलं. “आत पाणी गेलं असलं तर?”

कप्तानाचा चेहरा उतरला, मग तापला. “आत पाणी गेलं असतं तर बोट जड झाली असती. जड झाली असती तर रेघ बुडाली असती. रेघ कुठं आहे? पाण्यावर आहे. दर वर्षी खात्याचे साहेब येतात, रेघ बघतात, सही करतात. ते काय आंधळे आहेत? झाकणं बावीस वर्षं हललेली नाहीत. तू उघडशील, मग ती बसायची नाहीत.”

“बरं बाबा. तुझी बोट, तुझी रेघ.”

तरीपण वेल्डरने शेडमध्ये परत गेल्यावर पाट्यांची एक एक पट्टी वाढवली आणि दीड हजार किलो पेलेल असा ट्रेलर केला. ते त्याने कप्तानाला सांगितलं नाही. शहाणा माणूस शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवत नाही.

बोट काढायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर बरीच माणसं जमली. एवढी माणसं तिथे पूल झाल्यापासून आली नव्हती. शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईसुद्धा काठी टेकत आल्या. पंधरा वर्षं त्या रोज या बोटीने पलीकडून शाळेत येत, आणि येताना वस्तीवरची सगळी मुलं बरोबर आणत.

“जाताय म्हणे,” त्या कप्तानाला म्हणाल्या. “वीस वीस पोरं सोबत असायची माझ्या. दोन फेऱ्या करायला लावायचात, मी चिडायची. पण एक सांगते, तुमच्या भरवशावर आईबापांनी पोरं पाठवली.”

कप्तान दुसरीकडे बघायला लागला.

ट्रॅक्टरवाल्याने ट्रेलर उलटा पाण्यात घातला. फळ्या बुडाल्या, चाकं बुडाली. कप्तानाने बोट वल्ह्याने हळू हळू वर आणली आणि ती ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या खुंट्यांच्या मधोमध अशी येऊन बसली की कुणी तरी टाळ्या वाजवल्या. मापात कणभर चूक नव्हती. वेल्डरने पुढचा दोर ट्रेलरवरच्या हातविंचच्या चक्रीवर गुंडाळून आवळला, कप्तान उडी मारून काठावर आला आणि बायकोशेजारी उभा राहिला.

“चल, घे,” तो म्हणाला.

ट्रॅक्टर निघाला. पहिले चार हात सगळं ठीक होतं. मग नळकांडी पाण्याबाहेर यायला लागली आणि ट्रॅक्टरचा आवाज बदलला. धूर काळा झाला. ट्रेलरचे पाटे, जे बाक धरून असायला हवे होते, ते सरळ झाले, मग उलटे वाकले. आत काही तरी घळघळलं. मोठी टाकी कलंडावी तसा आवाज बोटीच्या पोटातून आला आणि मागे धावत गेला.

“थांब! थांब!” वेल्डर ओरडला.

दांडा वर उचलला जाऊ लागला होता. ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडल्यासारखी जागच्या जागी फिरली. मग लोखंड वाकताना करतं तो लांबलचक आवाज आला आणि एक्सल मधोमध खाली झुकला. चाकं वरून आत कलली, टायर चॅनेलला टेकले, आणि बोट अर्धी पाण्यात अर्धी उतारावर अशी थांबली. एकही जोड तुटला नव्हता. वेल्डरचं काम वेल्डरच्या नावाला शोभेल असं होतं.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कप्तान मात्र चालत उतारावरून खाली गेला आणि जवळच्या नळकांड्यापाशी उभा राहिला. बावीस वर्षांत त्याने ते पाण्याबाहेर पाहिलं नव्हतं. शेवाळ धरलं होतं. खुंटीला घासून एका जागचं शेवाळ निघालं होतं आणि तिथे पांढरं दिसत होतं. त्याने हाताने आणखी पुसलं. मग खिशातली पत्र्याची पट्टी काढून खरवडलं.

वर या वर्षीची रेघ होती, अंगठ्याएवढी. तिच्याखाली, अर्धी तिच्याआड झाकलेली, थोडी पिवळी पडलेली गेल्या वर्षीची. तिच्याखाली त्याच्या आधीची. अशाच अर्ध्या अर्ध्या झाकलेल्या त्या खाली खाली जात होत्या, आणि सगळ्यांचा मिळून वीतभर रुंदीचा एक पांढरा पट्टा झाला होता. सर्वांत खालची रेघ अगदी बारीक, सरळ, तरण्या हाताची होती.

“हा पट्टा कसला हो?” मोठ्या बाईंनी काठावरून विचारलं.

कप्तानाने वीत पसरून पट्ट्यावर ठेवली. त्याला पूर्ण कळलं होतं. बोट दर वर्षी आत थोडं पाणी पीत होती आणि थोडी खाली जात होती. आणि तो दर वर्षी, वारा पडायची वाट बघून, श्वास रोखून, ती जिथे गेली असेल तिथे नवी रेघ मारत होता. रेघ कधी बुडणारच नव्हती. त्याने ती बुडूच दिली नव्हती.

वेल्डरने नळकांड्यांना खालून ड्रिलने भोकं पाडली. तांबडं पाणी निघालं, चहासारखं, आणि निघतच राहिलं. जमलेली माणसं तासाभरात एक एक करून निघून गेली, तरी ते वाहत होतं. पाणी संपल्यावर वेल्डरने हातोडीने पत्रा वाजवून पाहिला. दोनदा ठण्ण झालं. तिसऱ्यांदा हातोडी आत गेली. त्याने ती काढली, एक हात सोडून पुन्हा मारली, ती तिथेही आत गेली.

“डाग द्यायला पत्रा तरी पाहिजे ना,” तो म्हणाला. त्याला कप्तानाकडे बघवत नव्हतं. “नुसता गंज उरलाय. पाण्यानंच धरून ठेवली होती हिला.”

दुपारी खात्याचे साहेब आले. ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यांनी पांढऱ्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “आजच कापून घ्या,” ते घाईने म्हणाले. “माणसं मी देतो. उगाच लोकांना दाखवत बसू नका.”

कापायचं काम सुरू झालं तेव्हा कप्तान आणि त्याची बायको धक्क्याच्या पायरीवर बसली होती. तिने आणलेला डबा तसाच बंद होता.

“अहो, जीवाला लावून घेऊ नका. जुनी झाली होती ती.”

“पाणी रेघेच्या वर चार अंगुळं येईपर्यंत माणसं घ्यायचो मी.”

“मग?”

“पहिल्या रेघेवरून मोजलं तर ती वीतभर आणि वर चार अंगुळं व्हायची. मोठी लाट आली असती ना, तर...” त्याने पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. “बाईंची पोरं असायची. दहा दहा.”

“बुडालं का कुणी? बावीस वर्षांत एक तरी?”

“नाही.”

“मग झालं तर!”

“ते माझ्यामुळं नाही गं,” तो म्हणाला. “मला वाटायचं माझ्यामुळं.”

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही, पण त्याला तो जाणवला असावा असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सेक्रेटरींचा फोन आला. घरात बोलायला आणि बसायला एकच जागा रिकामी होती, दाराजवळची. बाकी सगळं सामान बांधून भिंतीला लावलेलं होतं. फोनचा आवाज मोठा होता, बायकोला सगळं ऐकू येत होतं.

“कळलं सगळं,” सेक्रेटरी म्हणाले. “वाईट झालं. पण तुम्ही बोटीचं काय घेऊन बसलात? बोट आम्ही आणतोय, नवी, कंपनीची. मंजुरीही मिळाली. आम्हाला माणूस हवाय. बावीस वर्षांत एक अपघात नाही, असा माणूस आणायचा कुठून?”

बायको बसल्या जागी सावरून बसली. तिच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला.

कप्तानाने फोन दुसऱ्या हातात घेतला. “साहेब, मी येत नाही,” तो म्हणाला.

“अहो, का?”

“माझी रेघ चुकीची होती.”

त्याने सगळं सांगितलं. अगदी पहिल्या वर्षापासून. दर वर्षी बोट कशी रंगवायचो, वारा पडायची वाट कशी बघायचो, रेघ कुठे मारायचो. मोठ्या बाईंची मुलं सांगितली. पलीकडे सेक्रेटरी मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होते.

“बरं, झालं ते झालं,” अखेर ते म्हणाले. “आमच्या सभेत हे कशाला बोलायचं? तुम्ही मुद्दाम तर नव्हतं ना केलं?”

“नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. मग पुन्हा केलं नसतं.” त्याने भिंतीला लावलेल्या सामानाकडे पाहिलं. “मी नीट बघूनच चुकलो साहेब. आता कुणी बोटीत पाय ठेवला की मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटायचा नाही. असा माणूस ठेवू नका तुम्ही.”

“विचार करा.”

“केलाय. एक मात्र ऐका. नवी बोट आली की पहिल्याच दिवशी, रिकामी असताना, रेघ काढून घ्या. रंगानं नका काढू. कंपनीच्या माणसाकडून पक्की खूण करून घ्या, कुणाला वर सरकवता येणार नाही अशी. आणि दर वर्षी वेगळ्या माणसाला बघायला सांगा. जो चालवतो त्याला नको.”

“लिहून घेतो,” सेक्रेटरी म्हणाले.

कप्तानाने फोन खाली ठेवला. बायको त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, रागाने की आणखी कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं.

“एक हो म्हणायचं होतं,” ती म्हणाली. “एवढंच. हो.”

“हो,” तो म्हणाला, पण ते तिच्या बोलण्याला उत्तर होतं, सेक्रेटरींना नव्हे.

ती उठली. जेवणाची वेळ होत आली होती आणि भांडी बांधलेल्या सामानात होती. तिने एका गाठोड्याचा दोर ओढून पाहिला, गाठ हलेना. नखाने पाहिलं, दाताने पाहिलं. कप्तानाने बांधलेली गाठ ती, साठ किलोमीटरच्या धक्क्यांना पुरेल अशी. ती आत जाऊन सुरी घेऊन आली.

“कापू नकोस,” तो म्हणाला.

तो गाठोड्यासमोर मांडी घालून बसला. पहिली गाठ सुटायला वेळ लागला. मग दुसरी, मग तिसरी. सोडलेला दोर तो कोपरावर गुंडाळत होता, आणि बायको सुरी हातात धरून शेजारी उभी होती.